दोन हजार त्रेसष्टची फाईल

रासकर अण्णा बारशाला आले की पाळण्यात वाकून बाळ नीट न्याहाळायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "ह्याची फाईल दोन हजार त्रेसष्टला येणार. तवा हपिसात उभं ऱ्हायला जागा न्हाई उरायची." बाळाची आजी घाईघाईनं पाळण्यावर पदर धरायची. अण्णा पेढा खाऊन निघायचे.

शिरूरच्या कचेरीत निराधारांच्या पेन्शनचं टेबल त्यांचं, शेजारचं माझं. पासष्टी भरली की माणसाची फाईल त्यांच्या टेबलावर यायची. त्यांना माणूस दिसायचाच नाही, त्याचं म्हातारपण दिसायचं. सणसवाडीला टपरीवर बिहारी कामगाराला अडवून विचारायचे, "बुढ्ढा होने पे किधर जायेगा?" तो चहा अर्धा टाकून पळायचा.

अशात वरून हुकूम आला: पेन्शनचा वीस वर्षांचा आराखडा पाठवा. अण्णांनी आनंदानं सगळ्या कचेरीला भेळ चारली. पण साहेबांचं आधीच ठरलं होतं. वीस वर्षांत पेन्शनवाले निम्मे करायचे. उपाय सोपा. दर माघात कचेरीत येऊन जिवंत असल्याची हजेरी द्यायची. आला नाही, नाव कमी.

अण्णा भडकले. "निम्मे कसे व्हतील साहेब? म्हातारं व्हायला बंदी घालताय का?"

"रासकर, आराखडा वरच्यांना आवडला पाहिजे."

"मंग गुलाबाचं फूल काढा त्यात! आवो, माघात निमोण्याच्या धनगरांची मेंढरं चरायला कोकणाकडं आसत्यात. मागं एकटं म्हातारं माणूस काय खाईल? तेबी मेंढरांमागं जातं. हजेरी आषाढात घ्या. तवा समदी घरी आसत्यात."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

मला अण्णांचंच पटत होतं. मी म्हणालो, "माघ बरा पडेल, साहेब." आराखडा टाइपही मीच केला, समास सोडून, सुबक. आज आठवलं की साहेबांचा संताप येतो, आणि त्या सुबकपणाचा जास्त.

पहिल्याच माघात निमोण्याच्या साळूबाईचं नाव उडालं. ती पुतण्याच्या मेंढरांबरोबर गेली होती. पावसाळ्यात परतली आणि कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. "म्या मेले म्हनं? मला कुनी सांगितलं बी न्हाई!"

तिचं नाव परत चढवायला अण्णा साहेबांशी इतके भांडले, की नाव चढलं आणि अण्णांची बदली दौंडला झाली. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुमचा टाइप मातर झ्याक हाय."

घर त्यांनी शिरूरातच ठेवलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. पुढच्या माघात साळूबाई मेंढरांमागं गेली नाही. हजेरीला वेळेवर आली, माझ्यासमोरच अंगठा दिला. मला हायसं वाटलं.

त्यानंतर पंधरवड्यानं अण्णांकडं गेलो, माफी मागायची म्हणून. बघतो तर चुलीपुढं साळूबाई भाकरी थापतेय आणि अण्णा पाटावर बसून जेवतायत. ती त्यांना दरडावत होती, "आजून घ्या की! पाखरावानी काय टोचताय?" आणि अण्णा, साहेबाला न जुमानणारे अण्णा, मुकाट्यानं घेत होते.

मला बघून तिनं हात झटकले. "बरं झालं आलात, सायेब. हजेरीपुरती हितं ऱ्हायले, पुतन्या तिकडं कोकणात वाट बघत आसंल. अण्णा म्हंत्यात एक हजेरी झाली, आजून एक ऱ्हायलीय. ती कवा वं?"

दुसरी हजेरी असा प्रकारच नव्हता. अण्णांचा घास हातातच राहिला. मान वर न करता ते ताटातलं कोरड्यास बोटानं फिरवू लागले.

मी म्हणालो, "लांबलीय, आजी. पाडव्याच्या आधी काही होत नाही."