फुटक्या कपांचे मास्तर

कप फुटल्यावर भालेराव मास्तरांइतका खूश होणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. नगरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत असे आणि ते वर्कशॉप सांभाळत. कँटीनमध्ये खळ्ळकन आवाज झाला, की हातातला वडा टाकून धावायचे. "झाडू मारू नगा! आलो, आलो!"

नव्व्याण्णव साली कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी काहीतरी वाचले आणि आमच्या कपबश्यांची साडेसाती सुरू झाली. चिनी मातीचे तुकडे खलबत्त्यात कुटायचे, चाळायचे, ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाच पाडून हे पीठ भरायचे. मग मिलिंग मशीनवर गरगर फिरणारा पोलादी दांडा त्यावर दाबत पुढे न्यायचा. घासून घासून पट्टी मऊ होते, पीठ तिच्या अंगात मुरते आणि पट्टी कणखर होते, असा मास्तरांचा दावा.

"वितळवायचं न्हाई सर, मळायचं! कणकेत मीठ जिरतं तसं."

निम्म्या पट्ट्यांना भोके पडत. एखादी जमली, की तिच्यावर खिळा ओढून विचारत, "दिसतोय का ओरखडा?"

"दिसतोय की!"

"पन लई कमी हाय!"

ते घरी आले, की आमची ही स्टीलचे पेले काढायची. मास्तर पेला फिरवून बघत आणि मनापासून हळहळत, "ह्याचा काय उपेग, वहिनी?"

एका रविवारी मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा आणला. या वहिनींचे हात थरथरतात, हे मला तेव्हा कळले. मी उठेपर्यंत एक कप फरशीवर पडलाच.

"झकास!" मास्तर उडालेच. "सकाळधरनं पावडरीवाचून अडलो हुतो!"

वहिनी खुदकन हसल्या. "पयलं मी पाव्हन्यांम्होरं येतच नव्हते, भाऊजी. कप पडला, की मेल्याहून मेल्यावानी व्हायचं. आता ह्यान्ला फुटकेच लागत्यात. माज्यावाचून ह्यांचं काम अडतंय!" आणि दुसरा कप आणायला त्या ऐटीत आत गेल्या.

तुकडे गोळा करायला मी वाकलो. पलंगाखाली डब्यांची रांग होती. पांढऱ्या पिठाने सगळे काठोकाठ भरलेले.

मास्तरांनी घाईघाईने चादर खाली ओढली आणि माझ्याकडे बघितले. इतका बोलघेवडा माणूस, पण तेव्हा डोळ्यांत नुसती विनवणी होती.

स्वयंपाकघरातून पावले येत होती. मी कपाचा तुटका कान उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "मास्तर, हा राहिला बघा. तेवढंच पीठ वाढेल."