वीस शेळ्यांची जीप

केजच्या स्टँडबाहेर भानुदास नानांची जीप उभी असते आणि तिच्या दाराशी आडतीवरचा जुना वजनकाटा. धारूरला जायचं तर आधी काट्यावर चढायचं. नाना वाकून बघतात, डोळे मिटून पुटपुटतात आणि निकाल देतात, "अडीच शेळ्या. मधल्या सीटवर."

नाना शेळ्या-मेंढ्या वळणाऱ्या घरातले. तीस किलोची एक शेळी, हा त्यांचा हिशोब. "माणूस किलोत सांगितला की भांडतो, शेळीत सांगितला की हसतो." गाडीचा कळप वीस शेळ्यांचा, सामान धरून. एकविसावी आली की किल्ली खिशात.

टपावरचं कॅरिअर त्यांनी काढूनच टाकलंय. पोती खाली, पायाशी. "वर वजन ठिवलं की गाडी दारू पिल्यावानी डुलती." जड माणूस मध्ये, हलका मागं. एकदा नव्या जोडप्याची अशीच ताटातूट केली. नवरा कुरकुरला, तर म्हणाले, "धारूर येईस्तोवर संसार मोडत न्हाई बे!"

एक पुढारी दोन कार्यकर्ते घेऊन आले. आधी स्वतः काट्यावर चढले.

"साडेतीन. एक कार्यकर्ता उतरवा."

"अहो नाना, मी कोण आहे माहीत आहे ना?"

"हाय की. म्हणून तर अर्धी शेळी सोडली."

कार्यकर्ता एसटीनं आला.

मी धारूरच्या एका शाळेत कारकून आहे. रोज याच जीपनं जातो. माझ्या दोन्ही मुली याच जीपनं कॉलेजला गेल्या आणि संध्याकाळी सुखरूप उतरल्या. त्याबद्दल नानांचे उपकार मानावेत, तर एक जुनी गोष्ट आड यायची. बारा वर्षं मनात ठेवलेली ती आता सांगून टाकतो.

भाच्याचं बारसं होतं. आम्ही भावकीतले सतरा जण निघालो. नाना म्हणाले, "दोन फेऱ्या करू." पण दुसऱ्या फेरीत कोण बसणार? मागून पोचणं म्हणजे मान कमी. चुलते फुगले, आत्या परत घराकडं वळल्या. आता बारसं मोडतं की काय, असं झालं. तेव्हा मी सगळ्यांसमोर नानांना म्हणालो, "नाना, जीप हाकता का पाळणा? भेत असाल तर दुसरी बघतो."

लोक हसले. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी सतराही जण एकदम भरले आणि गाडी चालू केली.

उतारावर मागचं टायर फुटलं आणि जीप कलंडली. आम्हाला खरचटण्यावर निभावलं. नानांचा डावा हात कोपरात मोडला, तो आजही सरळ होत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "गाडी माझी, भरली मी." मी दोन हातांवर उभा होतो. गप्प राहिलो.

काटा त्यानंतर आला.

परवा सकाळी जीपमध्ये मी एकटाच होतो. सांगून टाकलं. "नाना, त्या दिवशी तुमाला मी हिणवलं. तोंड उघडून ते कुठं बोललोच न्हाई."

नाना काच पुसत होते. "किल्ली तर माझ्याच हातात व्हती, दत्ता."

मग फडकं खांद्यावर टाकलं. "हात बरा झाल्यावर पंधरा दिवस गाडी रिकामीच नेली न् आणली. येळ चुकू दिली न्हाई. लोक बघायचे न् दुसऱ्या जीपकडं जायचे. इकून टाकायची ठरवली व्हती. तवर तू येऊन बसलास."

आता लपवायचं ते काय! "शरमेनं बसलो होतो, नाना. भरवशानं न्हाई."

"कशानं का बसंना," नाना म्हणाले. "मी तर रस्ताभर आरशात तुलाच बघत व्हतो. मधीच उतरतो का काय म्हणून."