वाढीव ताकद

व्हर्लिनच्या जुन्या पिकअपमधलं नवं इंजिन अगदी व्यवस्थित चालत होतं, आणि हेच त्याचं दुखणं होतं. कारखान्यातून लाकडी खोक्यात तयार होऊन आलेलं, इंधन मोजून मापून देणारं कॉम्प्युटरवालं इंजिन. किल्ली फिरवली की सुरू. थंडीत कुरकुर नाही, चढावर धाप नाही. बायको ओपल तीच गाडी घेऊन चर्चला जायची आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागायचा नाही.

गाड्यांच्या मेळाव्यात ओपलचा भाऊ डेल्मर बॉनेटला कान लावून उभा राहिला. "छान आहे," तो म्हणाला. "शिवणकामही करतं का?"

झालं. व्हर्लिनने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. त्याने फोनवरून इंजिनाच्या झडपा उघडणारा मोठ्यात मोठा कॅमशाफ्ट मागवला. गाडी रस्त्यावर चालवणार की शर्यतीत, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा त्याने खोकून वेळ मारून नेली. नव्या शाफ्टमुळे इंजिन जास्त हवा ओढू लागलं, म्हणून इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर आले. इंजेक्टर आले म्हणून कॉम्प्युटरला नवे धडे द्यावे लागले. ते व्हर्लिनने उलट्या बादलीवर बसून, व्हिडिओ बघत स्वतःच दिले.

इंजिन असं गरजलं की डेल्मरने डोक्यावरची कॅप काढली. ताकद खरोखर वाढली होती. फक्त ती वेगातच दिसायची. गाडी हळू चालवली की उचक्या देत उड्या मारायची आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक व्हायचं. पण हळू चालवायची वेळ येते कधी, असा व्हर्लिनचा हिशेब होता.

ती वेळ चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आली. गावच्या मिरवणुकीत बँडच्या मागे, माणसाच्या चालीने, पिकअप न्यायची होती. मागे गवताच्या गठ्ठ्यांवर पांढऱ्या टोप्या घालून चर्चच्या गायिका बसल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे त्यांना गाणं शिकवणारी ओपल.

पहिल्याच चौकात गाडीला उचकी लागली. व्हर्लिनने पाय जरा दाबला तशी ती बँडवर धावून गेली. तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला, तोवर ट्यूबावाला वाद्यासकट फुटपाथवर पोचला होता. मागे 'हालेलुया'तलं 'हाले' एका झटक्यात निघत होतं आणि 'लुया' पुढच्यात. लोक पोट धरून हसू लागले. बँडवाल्यांनी तर उचक्यांवरच ठेका धरला. ओपलची टोपी गटारात गेली. उरलेली वाट ती पायी चालली, घराच्या दिशेने.

त्यानंतर ती बोलेना. मक्याची कणसं उकडायची, पण स्वतःपुरतीच. व्हर्लिनने पुन्हा गॅरेज गाठलं. जुना शाफ्ट, जुने इंजेक्टर, कॉम्प्युटरचे जुने धडे, सगळं जागच्या जागी बसवलं. डेल्मर हळहळला; त्याच्याकडे व्हर्लिनने बघितलंही नाही. रविवारी गाडी आवाज न करता पायरीशी आणून उभी केली आणि तो वाट बघत राहिला.

ओपल फोन ठेवून बाहेर आली. "जत्रेच्या कमिटीचा फोन होता," आठवडाभरानंतरचं तिचं पहिलं वाक्य. "उद्घाटनाला आम्हाला बोलावलंय. तेच गाणं, त्याच गाडीत. अगदी तसंच हवंय म्हणाले."

"अगं, पण मी दुरुस्त केली," व्हर्लिन अभिमानाने म्हणाला. "आता एक झटका बसायचा नाही."

ओपलने गॅरेजकडे बोट दाखवलं.

"मग परत बिघडव," ती म्हणाली.