गडी राहतो का जातो?

आमचे शेजारी मल्लाप्पा पुस्तकाच्या दुकानात शिरले की कोणत्याही कादंबरीचे शेवटचे पान प्रथम वाचतात. ते वाचून समाधान झाले नाही, तर शिरोलीच्या फौंड्रीत यंत्रांच्या गोंगाटावर कमावलेल्या गळ्याने दुकानदारास विचारतात, "ह्यात गडी राहतो का जातो?" गडी म्हणजे नायक. तो जात असेल, तर पुस्तक पुन्हा फळीवर.

यामागील कारण वाचकांस सांगितले पाहिजे. मल्लाप्पांचे वडील आप्पा, मूळचे गडहिंग्लजचे, ऐतिहासिक कादंबऱ्यांचे अट्टल वाचक. रोज संध्याकाळी ते सोप्यात मोठ्याने वाचीत आणि मल्लाप्पांच्या मातोश्री, अव्वा, शेंगा सोलत ऐकत. गेल्या वर्षी अव्वा निवर्तल्या. तेव्हापासून आप्पांनी पुस्तकास हात लावला नाही. बोलणेही जेवणापुरतेच उरले. त्यांच्या वाढदिवसास अशी कादंबरी द्यावयाची की ते पुन्हा वाचू लागतील, असा मल्लाप्पांचा निश्चय होता. अट एकच. घरात एक मरण होऊन गेले आहे. दुसरे पुस्तकातून आणावयाचे नाही.

कचेरीच्या दारात बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. शाळा नववीत सुटली, तथापि माझ्या लेखणीस तालुक्यात मान आहे. त्यामुळे या खरेदीस जाणकार म्हणून मला नेण्यात आले. आम्ही दुकानामागून दुकान पालथे घातले. कुठे नायक रणात पडे, कुठे कैदेत, कुठे विषाने. अखेर एक दुकानदार कंटाळून म्हणाला, "पावणं, तीनशे वर्षं झाली की. आतापतोर कोण राहतंय?"

"ते आम्हास्नी बी कळतंय," मल्लाप्पा म्हणाले. "पण शेवटच्या पानावर छापायचं काय नडलंय?"

तेवढ्यात त्यांच्या हाती एका किल्लेदाराची कादंबरी लागली. चुकून पहिले पान आधी उघडले गेले आणि गृहस्थ वाटेतच उभे राहून वाचत सुटले. गिऱ्हाइके त्यांना वळसा घालून जात होती. किल्लेदाराने घोडा दरीवरून उडवला तेव्हा मल्लाप्पांनी माझा दंड असा आवळला की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. शेवटच्या प्रकरणात मात्र किल्लेदार पडला.

त्यांनी तरीही पुस्तक घेतले, थेट माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाले, "रायटरसाहेब, ह्याला जगवा."

असे काम माझ्याकडे पूर्वी कधी आले नव्हते. मी जेवण विसरून लिहिले. किल्लेदार मजकूर यांची जखम भरून आली, त्यांचे नावे जमीन झाली आणि सदर जमिनीची त्यांनी सहकुटुंब, निर्वेध वहिवाट केली. बाइंडरकडून मूळ प्रकरण काढून माझे शिवून घेतले. जोड कोणास ओळखू येणार नाही असा बेमालूम.

वाढदिवशी आप्पांनी पुस्तक उलटसुलट पाहिले, चष्मा मागवला आणि मोठ्याने वाचू लागले. मल्लाप्पा फौंड्रीतून रोज वेळेवर घरी येऊ लागले. अव्वांच्या जागी बसून शेंगा सोलू लागले. मीही जात असे. माझे प्रकरण यावयाचे होते.

ते एका संध्याकाळी आले. आप्पांनी पुस्तक मिटले.

"आप्पा, वाचा की म्होरं. गडी राहतोय," मल्लाप्पा घाईने म्हणाले.

आप्पा हसले. "तुझ्या अव्वानं मला शेवटचं प्रकरण कधी वाचूच दिलं न्हाई. म्हणायची, घोड्यावर हाय तवरच मिटा." मग मुलाकडे बघून म्हणाले, "तू तिच्यावरच गेलाईस बघ."

मल्लाप्पा सोललेल्या शेंगांची टरफलेच पुन्हा चाचपीत राहिले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

"मग उद्या पयल्यापासनं घ्या."

तेव्हापासून त्या सोप्यात तेच पुस्तक चालू आहे. माझे प्रकरण अद्याप कोणी वाचलेले नाही. लोकांच्या तक्रारी लिहिण्यात माझे आयुष्य गेले. याबाबत माझी स्वतःची काहीही तक्रार नाही.