पी त्रेपन्नवाले सर

तेव्हा आम्ही सहा जण नवी मुंबईतल्या शिरवणे गावात भाड्याच्या एका खोलीत राहायचो. बाबा पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात केमिकलचे ड्रम धुवायचे, आई नेरूळला सोसायट्यांमध्ये पोळ्या करायची. कॉलेज पाहिलेली घरात मी एकटी. तेही बी.एस्सी.!

आई ज्यांच्याकडे पोळ्या करायची त्यांतले एक परांजपे सर. जीवशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर. संध्याकाळी सुईदोरा घेऊन जिन्यात उभे. येईल त्याला हात आडवा. "थांब! आधी तपास." मग चपलेचा अंगठा, दप्तराचा बंद, शर्टाचं बटण बघणार. तुटलेलं दिसलं की तिथल्या तिथे शिवणार आणि शिवता शिवता शिकवणार.

"आपल्या पेशीत असाच एक पहारेकरी असतो. पी त्रेपन्न नावाचं प्रोटीन. डीएनएला इजा झाली की तो त्याच्यावर जाऊन बसतो, वाढ रोखणारी जनुकं चालू करतो. आधी दुरुस्ती, मग पुढे."

"आन् दुरुस्त नाय झालं तर?" खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवाला.

"तर पेशीला मरायला लावतो."

"मी आत्ताच मरतोय, सर. सोडा की!"

दुसऱ्या वर्षाला मी नापास झाले. बाबा मला घेऊन सरांकडे गेले. "पोरगी नापास झाली, सर. आता पॅकिंगला लावतो."

सरांनी बाबांनाही हात आडवा घातला. "थांबा. आधी तपास." मला समोर बसवून मराठीतून प्रश्न विचारत राहिले. मग म्हणाले, "येतंय हिला सगळं. इंग्रजीची शिवण तेवढी उसवलीय. तेवढ्यासाठी आख्खी पोरगी मोडीत काढता?"

"मग शिवा तुमीच," बाबा म्हणाले.

सर रोज शिकवू लागले. आई आत पोळ्या लाटायची, बाहेर माझं इंग्रजी. एकदा मी विचारलं, "सर, हा पी त्रेपन्नच बिघडला तर?"

हातातली सुई थांबली. "मग पेशीला थांब म्हणणारं कुणी राहत नाही. वाढतच जाते. कॅन्सर." सुईत नवा दोरा ओवत म्हणाले, "आमच्या हिचं, सुधाचं, तसंच झालं. आम्ही तपासलं, पण फार उशिरा." मग माझ्या पिशवीचा बंद ओढून बघितला. धड होता. तरी त्याला दोन टाके घातले.

शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर जिन्यात हात आडवा. चपला, पिशवी, ओढणी, सगळं बघून झालं. "काही दुरुस्ती नाही. जा पुढे."

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.