संघ क्रमांक सात कुठला?

आपण कुठल्या आहोत हे डब्लिनमध्ये देवालासुद्धा कळू द्यायचं नाही, असं मुरिन हेनिगनने यंदा ठरवूनच टाकलं होतं!

नियमच तसा होता. राज्यघटनेवरच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत संघाला फक्त क्रमांक. तुमचं कॉलेज न्यायाधीशांना कळलं की दहा गुण कापले. मागच्या वर्षी उपांत्य फेरीत मुरिन युक्तिवादाच्या भरात म्हणून गेली होती, "आमच्याकडे अटलांटिकचा वारा सुटला की कायदासुद्धा उडून जातो!" वाऱ्याबरोबर दहा गुण उडाले आणि अंतिम फेरीही. यंदा ती आणि तिचा जोडीदार फियाक्रा, म्हणजे संघ क्रमांक सात, अंतिम फेरीत पोचले होते. दोघांचंही शेवटचं वर्ष. विजेत्यांची ढाल मिळाली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

"कॉलेजचा टाय काढ," स्टेशनवर उतरताच तिने हुकूम सोडला.

"काढला."

"पिशवी उलटी कर. नाव दिसतंय. आणि तो सोडा ब्रेड इथेच संपव."

"ब्रेडने काय घोडं मारलंय?"

"एवढे जाड तुकडे डब्लिनमध्ये कोण कापतं? पश्चिमेचे आहोत हे लगेच ओळखतील! आणि बोलायचं रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईसारखं. ना गावाचं, ना शहराचं."

"मुरिन, तू वकील होणारेस की हेर?" ब्रेडचा तोबरा भरून फियाक्रा म्हणाला.

खटला तिच्यासाठीच बेतल्यासारखा होता. नागरिकाचं राहतं घर अभेद्य आहे, असं राज्यघटना सांगते. पोलिसांनी वॉरंटशिवाय एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेल्या शेडची झडती घेतली. शेड घरात मोडते की नाही? मुरिन शेतकऱ्याच्या बाजूने उभी होती. काळा झगा सावरून तिने सुरुवात केली आणि पहिली पाच मिनिटं अशी बोलली की फियाक्राला ढाल ठेवायला कपाटातली जागासुद्धा दिसू लागली.

मग निवृत्त न्यायमूर्ती कॉस्टिगन पुढे झुकले. माणूस प्रेमळ. चष्म्यावरून बघत म्हणाले, "वकीलबाई, पुस्तकातलं पुरे. तुमच्या स्वतःच्या घराचं उदाहरण घेऊ. तुमच्या घराला शेड आहे?"

मुरिनच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजली. शेड म्हणजे शेत. शेत म्हणजे गाव. गाव म्हणजे पश्चिम. पश्चिमेला कायद्याची कॉलेजं आहेतच किती!

"न्यायमूर्ती महोदय, माझं घर... हे एक घर आहे."

"ते समजलं. शहरात की खेड्यात?"

"प्रजासत्ताकाच्या हद्दीत."

प्रेक्षकांत कुणीतरी खुसखुसलं. न्यायमूर्तींना वाटलं, पोरगी घाबरली आहे. त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

"हे पाहा, माझ्या मते प्रश्न साधा आहे. माणूस घरातल्या सपाता घालून शेडमध्ये जातो की बूट चढवून जातो? सपाता घालून जात असेल, तर शेड घराचाच भाग. तुमच्याकडे काय पद्धत आहे?"

मुरिनच्या घरी कोंबड्यांच्या शेडचं दार सरळ स्वयंपाकघरात उघडत होतं. सपाता कसल्या, सकाळची अंडी आणायला सगळे अनवाणी जात. उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते कडू औषधासारखं गिळलं.

"या प्रश्नावर मौन बाळगण्याचा मला घटनादत्त अधिकार आहे."

"अहो, पण तुम्ही आरोपी नाही!"

फियाक्राने टेबलाखालून तिच्या नडगीवर लाथ मारली. ती हलली नाही.

"बरं, निदान एवढं तरी सांगा," न्यायमूर्ती हताश होऊन म्हणाले, "आज लांबून आलात का?"

"पुरेसं लांबून, महोदय."

समोरच्या संघाची इझोल्ड उभी राहिली. झग्याला एक सुरकुती नाही. "महोदय, माझ्या विद्वान मैत्रिणीला घर आहे की नाही, हेच न्यायालयाला अजून कळलेलं नाही. मला मात्र सांगायला अडचण नाही. आमच्याकडे बागेत शेड आहे, आणि आम्ही बूट घालूनच जातो."

न्यायमूर्तींनी इतकी खूश होऊन मान हलवली, जणू दोन दिवसांच्या उपाशी माणसाला सूप मिळालं!

निकाल लागला. इझोल्डचा संघ तीन गुणांनी पुढे. ढाल तिच्या हातात गेली आणि फियाक्रा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

चहाच्या वेळी न्यायमूर्ती स्वतःहून दोघांपाशी आले. "मुली, मुद्दे तुझेच सरस होते गं. पण न्यायपीठाच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचे वीस गुण असतात. तुला मी चार दिले, तेही आवाज खणखणीत म्हणून. साध्या सपातांचं उत्तर द्यायला काय हरकत होती?"

"सर, मी कुठली ते तुम्हाला कळलं असतं! दहा गुण गेले असते!"

"अगं, तो नियम उपांत्य फेरीपर्यंतच." त्यांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढून तिच्यापुढे धरली. तिच्यावर मुरिनचा हसरा फोटो होता. खाली नाव, कॉलेज, जिल्हा मेयो.

"हे... कधीपासून तुमच्याकडे आहे?"

"सकाळपासून. म्हणून तर शेडचं विचारलं. म्हटलं, पश्चिमेची, मेयोची पोर आहे, हिला नक्की ठाऊक असणार."

फियाक्राने फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हेर!" एवढंच म्हणाला आणि सँडविच आणायला निघून गेला.

"आता तरी सांग," न्यायमूर्ती म्हणाले. "सपाता की बूट?"

मग मुरिनने सांगितलं. अनवाणी पाय सांगितले, स्वयंपाकघरात उघडणारं दार सांगितलं, अंडी सांगितली. दिवसभर दाबून ठेवलेलं गाव आता कुणाच्या बापाला ऐकेना. शेडचं छप्पर झालं, काकांचा ट्रॅक्टर झाला, मग एकेक कोंबडी नावानिशी आणि स्वभावासकट सुरू झाली. न्यायमूर्तींचा चहा निवला. ते आडून आडून आजूबाजूला बघू लागले. कोर्टात वेळ संपली की पाटी वर धरणारं कुणीतरी असतं. चहाच्या टेबलापाशी तशी सोय नव्हती.