मिसेस ऑर्टनची डावी भुवई

कथबर्ट पेल्यूनं कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि मिसेस ऑर्टनच्या कपाळावरचा डाग अलगद पुसला. डाग गेला. डावी भुवईही गेली.

यॉर्कमधल्या त्याच्या दुकानात तैलचित्रं वर्षानुवर्षं अशीच साफ होत. थुंकीसारखं औषध नाही, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं ऐकवी. पण तळहाताएवढी ही जुनी नटी हस्तिदंतावर जलरंगात काढलेली होती. दोन शतकं टिकलेला चेहरा. वैर फक्त पाण्याशी.

"आयरिस, मी बाईंची भुवई पुसली."

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. "कुठल्या बाईंची?"

"मिस ऑर्टनच्या खापरपणजीची. संध्याकाळी थिएटरात जुन्या नटांच्या चित्रांच्या रांगेत लागायचीय ती. थिएटरवाल्यांकडे तिचं दुसरं चित्र नाही."

"मग काढ नवी! भुवईच तर आहे."

काढली. ती जरा वर गेली. बाई दचकल्यासारख्या दिसू लागल्या. जोडी जमावी म्हणून उजवी पुसून वर सरकवली, तर पापणी गालावर उतरली. तो ओघळ झाकायला गालावर तीळ आला. तीळ देताना करंगळी ओठांवर टेकली. शेवटी गोड, लाजऱ्या मिसेस ऑर्टन उसनी नेलेली किटली परत न करणाऱ्या शेजारणीला जाब विचारायला निघालेल्या दिसू लागल्या.

"आता हात लावू नकोस," आयरिस म्हणाली. "तू सुधारतोस तशी ती चिडतेय."

तेवढ्यात मिस ऑर्टन आल्याच. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म रंगमंचावर गेलेला. चित्र हातात घेऊन त्यांनी ते उजेडाकडे धरलं. कथबर्टनं कापसाचा बोळा खाली ठेवला. थापा मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बाई, हा चेहरा माझ्या हातचा आहे. त्यांचा फक्त गळा उरलाय."

"दिसतंय. रंग ओला आहे अजून." त्यांनी चष्मा सारखा केला. "पेल्यू, ही बाई खुनी राण्यांची कामं करायची. समोर बसलेल्या बायका भोवळ येऊन पडायच्या म्हणे. आणि चित्रात कशी? पाव आणायला निघाल्यासारखी! मला ते कधी पटलंच नाही."

"पण हे खोटं आहे ना!" आयरिसला राहवेना.

"नटीचा खरा चेहरा कुणी पाहिलाय, पोरी?"

त्यांनी चित्र काउंटरवर उभं केलं, काठी टेकत पार दारापर्यंत मागे गेल्या आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"डावी भुवई अजून थोडी वर घ्या," त्या म्हणाल्या. "शेवटच्या रांगेला दिसत नाही."